दीर्घिका कशा विझतात?



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आम्हांला आले तेव्हा चिटणीसांनी आमचा विषय मनाशी गृहीतच धरला होता. तीस वर्षे कामगार चळवळीत काढलेला माणूस बोनसवर बोलेल, फार तर कंत्राटी कामगारांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ. आम्ही विषय कळविला तो ‘दीर्घिका कशा विझतात’ हा. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी मोठ्या आदबीने विचारले. चूक झालेली नव्हती. हा विषय गेली कित्येक वर्षे आमच्या मनात घर करून राहिलेला आहे, आणि तो आपल्यापुढे मांडण्याची संधी मिळाली म्हणून आम्ही चिटणीसांचे ऋणी आहोत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री उशिरा झालेले. तेव्हा जाणकारांनी आमच्या सांगण्यात काही उणे आढळल्यास दाखवून द्यावे. आम्ही ते आनंदाने मान्य करू.

हा विषय आमच्या मागे कसा लागला ते प्रथम सांगितले पाहिजे. आमचे वडील मुंबईला एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. सुमारे अडीच लाख माणसे त्या संपात उतरली. पुढे काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, त्यांत वडिलांचीही होती. भोंगा वाजू लागला, खात्यांत दिवे लागले आणि चाळीत सर्वांना हायसे वाटले. आमच्या शेजारी एक वृद्ध जॉबर राहत असत. ते वडिलांना म्हणाले, “भोंग्याचं काय सांगतोस? फाटकावर उभा राहा आणि कापसाच्या गासड्या किती आत येतात ते मोज.” वडिलांनी मोजल्या. महिन्यामहिन्याला कमी होत होत्या. दिवे मात्र त्यानंतरही दोन वर्षे लागत राहिले. मग एक दिवस तेही बंद झाले.

गिरणी कशाने मेली याविषयी चाळीत प्रत्येकाजवळ एकेक तयार उत्तर होते. कोणी म्हणे संपाने, कोणी म्हणे मालकाने, कोणी सरकारला बोल लावी, कोणी यंत्रमागाला. पुढे एका चौकशीत वडिलांची साक्ष झाली. त्यांनी गासड्यांची गोष्ट सांगितली. “याला लेखी पुरावा काय?” असे त्यांना विचारण्यात आले. वडिलांनी गासड्या बोटांवर मोजल्या होत्या, लिहून ठेवल्या नव्हत्या. ते खाली मान घालून घरी आले. ती मान आम्ही विसरलेलो नाही. एखादी चालती गोष्ट बंद पडते ती कशाने, आणि ते सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या पाठीस लागला. आणि मौज अशी, की या प्रश्नाची सर्वांत चोख तपासणी आम्हांला वाचायला मिळाली ती पृथ्वीवरच्या कोणत्याही कारखान्याची नव्हे, तर आकाशातल्या दीर्घिकांची.

आता विषयाकडे वळू. आपला सूर्य ज्या प्रचंड तारकासमुदायात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. अशा असंख्य आकाशगंगा विश्वात आहेत. त्यांना मराठीत दीर्घिका असा सुरेख शब्द आहे. त्यांतल्या पुष्कळशा चपट्या तबकडीसारख्या असून त्यांच्यात चक्राकार वळलेले फाटे दिसतात. त्या सर्पिल दीर्घिका. सर्पिल दीर्घिका म्हणजे तारे घडविणारा चालता कारखाना होय. त्यांच्या तबकडीत ताऱ्यांच्या अधूनमधून हायड्रोजन वायूचे थंड ढग असतात. ते ढग स्वतःच्या भाराने आकसतात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. हा वायू म्हणजे या कारखान्याचा कच्चा माल. आपल्या आकाशगंगेत आजही वर्षाला एक-दोन सूर्य होतील इतका माल ताऱ्यांच्या घडणीत खर्ची पडतो.

येथे हिशेबाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिलकीत असलेला वायू आणि खर्चाचा वेग यांचा भागाकार केला, तर बाहेरून काहीच न आल्यास आकाशगंगेतला माल काही अब्ज वर्षांत संपावा. अब्ज म्हणजे शंभर कोटी. परंतु आपली आकाशगंगा त्याच्या कितीतरी आधीपासून, दहा अब्ज वर्षांहून अधिक काळ तारे घडवीत आली आहे. याचा अर्थ उघड आहे. बाहेरच्या विरळ वायूतून तिला नवा माल मिळत आला आहे. गासड्या फाटकातून येत आहेत, म्हणून खाते चालू आहे.

नवे तारे घडत आहेत हे लांबून कसे ओळखावे? रंगावरून. मोठे, तापट तारे निळसर दिसतात, पण ते उधळे असतात. काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत त्यांचे इंधन संपते. आपला सूर्य मध्यम. त्याचे एकूण आयुष्य सुमारे दहा अब्ज वर्षांचे. लहान तांबूस तारे फारच काटकसरी. विश्वाचे आजवरचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे, आणि त्यांतला एकही अजून म्हातारा व्हायचा आहे. म्हणून तारानिर्मिती थांबली की दीर्घिका एकदम काळोखी होत नाही. आधी निळा रंग जातो, मग फाटे पुसट होतात, कारण फाट्यांची शोभा मुख्यतः नव्या ताऱ्यांची असते. आणि मागे उरतो तो तांबूस-पिवळा, गुळगुळीत, भिंगासारखा आकार. त्यांना भिंगाकार दीर्घिका म्हणतात. दिवे चालू आहेत, खाते बंद आहे, अशी ती अवस्था.

आता कोडे काय आहे ते पाहा. काही दीर्घिका एकट्यादुकट्या राहतात, तर काही शेकडोंच्या, हजारांच्या वस्तीने राहतात. त्या वस्तीला दीर्घिकासमूह म्हणतात. त्यांतला आपल्याला जवळचा मोठा समूह कन्या राशीत आहे. या वसंत ऋतूत, रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास, उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्यापासून थोडे पूर्वेला, जवळजवळ आपल्या डोक्यावरच तो येतो. नुसत्या डोळ्यांना तेथे काही दिसत नाही. पण दुर्बिणीतून पाहिले तर तेथे हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे.

१९८० साली ॲलन ड्रेसलर या अमेरिकन ज्योतिर्विदाने पंचावन्न समूहांतील सुमारे सहा हजार दीर्घिकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातून असे ठरले, की वस्ती जितकी दाट, तितक्या सर्पिल दीर्घिका कमी. मोकळ्या अवकाशात त्यांचे राज्य; समूहाच्या गाभ्यात शोधून काढाव्या लागतात. तेथे भिंगाकार आणि लंबगोल यांचीच गर्दी. पुढे हबल दुर्बिणीने दूरच्या समूहांची चित्रे घेतली. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे, हे आपण जाणताच. चार-पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या समूहांत सर्पिल जास्त आणि भिंगाकार कमी आढळल्या. म्हणजे पूर्वी जे चालते कारखाने होते तेच आज बंद झालेले आहेत. प्रश्न असा, की समूहात शिरल्यावर त्यांना काय होते?

पहिले उत्तर १९५१ साली लायमन स्पिट्झर आणि वॉल्टर बाडे या दोघांनी सुचविले. दाट वस्तीत दीर्घिकांच्या टकरी होत असतील. दोन दीर्घिका एकमेकींतून जातात तेव्हा त्यांतले तारे एकमेकांवर आदळत नाहीत. मधली जागाच इतकी मोठी असते. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर शेजारचा तारा शंभर किलोमीटरच्या आसपास पडेल. पण वायूचे ढग पसरलेले असतात, ते एकमेकांवर आपटतात आणि मागे राहतात. कल्पना मोठी बुद्धिमान होती. परंतु तिच्यात समूहातली मोकळी जागा मोकळीच धरलेली होती.

ती जागा मोकळी नाही हे कळायला आणखी वीस वर्षे जावी लागली. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात उभारलेल्या तळावरून एक उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून उपग्रहाला ‘उहुरू’ हे नाव दिले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. त्या उपग्रहाने आकाशातील क्ष-किरणांचा शोध घेतला आणि दीर्घिकासमूहांतून भरघोस क्ष-किरण येतात, तेही एखाद्या बिंदूतून नव्हे तर समूहाच्या सर्व विस्तारातून, असे दिसून आले. दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला आहे, असा त्याचा उलगडा झाला. मोठ्या समूहांत या वायूचे वजन सर्व ताऱ्यांच्या वजनाच्या कित्येक पट भरते.

हा वायू तप्त असला तरी विलक्षण विरळ आहे. घनमीटरभर जागेत हजारभर कण, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. आपण बसलो आहोत या सभागृहातील घनमीटरभर हवेत एकावर पंचवीस शून्ये दिली तर होणाऱ्या संख्येहून अधिक कण आहेत. इतक्या विरळ वायूने कोणाचे काय वाकडे होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण सायकलवर बसणाऱ्याला विचारा. हवा पडलेली असते, पान हलत नसते, तरी वेग घेतला की वारा तोंडावर बसतो. तो वारा आपल्याच धावण्याचा. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो. समूहाच्या ओढीने आत खेचल्या जाणाऱ्या दीर्घिकेचा वेग सेकंदाला हजार किलोमीटर आणि त्याहूनही जास्त असतो. मुंबई ते नागपूर हे अंतर ती एका सेकंदाच्या आत मागे टाकील. या वेगाचा वर्ग केला म्हणजे विरळ वायूचाही दाब भरभक्कम होतो.

१९७२ साली जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी हाच हिशेब मांडला. एका पारड्यात वाऱ्याचा दाब, दुसऱ्या पारड्यात दीर्घिकेच्या तबकडीची स्वतःच्या वायूवरची पकड. दाब भारी पडला की वायू निघाला. कडेला पकड ढिली असते, म्हणून कडेचा वायू आधी जातो. गाभ्यात पकड घट्ट, म्हणून तेथला टिकतो. ताऱ्यांना मात्र या वाऱ्याचा पत्ताही लागत नाही. आपल्यापैकी शेतकरी कुटुंबातल्यांना हे समजावून सांगायला नको. खळ्यावर उफणणी करताना माणूस उंचावर उभा राहून पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडतो. दाणा पायाशी पडतो, भूस पलीकडे उडून जाते. तारे हे दाणे, वायू ही भूस. फरक इतकाच, की येथे भुसातच पुढच्या साऱ्या दाण्यांचा जन्म आहे.

कागदावरचा हिशेब आणि प्रत्यक्ष पुरावा यांत पुष्कळ अंतर असते. तो पुरावा कसा गोळा झाला हा या कथेतला आम्हांला सर्वांत प्रिय भाग. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो एकवीस सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. हे भाकीत हॉलंडच्या हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, केले. १९५१ साली ती लहर खरोखरच ऐकू आली. या लहरीवर कान ठेवून प्रत्येक दीर्घिकेतल्या वायूची मोजदाद करता येते. म्हणजे फाटकावर उभे राहून गासड्या मोजण्याचीच ही युक्ती! कन्या समूहाच्या गाभ्याजवळच्या सर्पिल दीर्घिकांची अशी मोजदाद झाली तेव्हा त्यांच्यात, तेवढ्याच आकाराच्या एकट्या दीर्घिकांच्या मानाने, वायू फारच थोडा आढळला; काहींत तर दहावा हिस्साही नव्हता. १९७६ साली सिडनी व्हान डेन बर्ग यांनी असल्या फिकट फाट्यांच्या दीर्घिकांना जे नाव दिले त्याचे मराठी ‘पांडुरोगी’ असेच करावे लागेल.

पुढे अमेरिकेतल्या मोठ्या रेडिओदुर्बिणीने या समूहातल्या दीर्घिकांचे वायूचे नकाशेच काढले. त्यांतली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका पाहावी. तिच्या ताऱ्यांची तबकडी जशीच्या तशी आहे. वायू मात्र कडेने नाहीसा झालेला, आणि उरलेल्यातला काही तबकडीपासून सुटून एका अंगाला उचलला गेलेला. दुसऱ्या दीर्घिकेने ओढाताण केली असती तर तारेही विस्कटले असते. तारे जागेवर आणि वायूच तेवढा हललेला, म्हणजे काम वाऱ्याचे. २००७ साली सात दीर्घिकांच्या वायूला लांब शेपट्या असल्याचे प्रसिद्ध झाले. त्या सर्व समूहाच्या केंद्राबाहेर, पण शेपट्या केंद्रापासून उलट दिशेला वळलेल्या. आत येणाऱ्याची शेपटी मागेच राहणार. न्यायालयात उभा करावा असा हा साक्षीदार आहे.

याहून भयंकर दृश्य दक्षिण आकाशात, सुमारे बावीस कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ईएसओ १३७-००१ नावाच्या दीर्घिकेला अडीच लाखांहून अधिक प्रकाशवर्षे लांबीची शेपटी आहे. म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या व्यासाच्या अडीच पट. ती क्ष-किरणांत दिसली, आणि ज्या दुर्बिणीने ती नीट दाखविली तिला आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून ‘चंद्रा’ म्हणतात. असल्या दीर्घिका समुद्रातल्या जेलीफिशसारख्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव पडले आहे. इटलीतील पादुआच्या बियांका पोज्जांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या दुर्बिणीवरून अशा दीर्घिकांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. वाऱ्याच्या दाबाने ढग दाबले जातात आणि काही काळ तारानिर्मिती नेहमीपेक्षा वाढते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की धंदा तेजीत आहे!

येथपर्यंत आलो तेव्हा आम्हांला वाटले, खटला निकालात निघाला. आरोपी सापडला, साक्षीदार मिळाले. परंतु शास्त्रज्ञ ही जात मोठी हट्टी असते. त्यांनी विचारले, की वाऱ्याने एकदम झोडपणे हे एक मरण झाले. पण दुसऱ्या मार्गानेही हेच होऊ शकेल की नाही? १९८० साली रिचर्ड लार्सन, बिएट्रिस टिन्स्ले आणि नेल्सन कॉल्डवेल या तिघांनी तो दुसरा मार्ग मांडला. तबकडीतल्या वायूला कोणी हातही लावायला नको. दीर्घिकेभोवती जो विरळ वायूचा घेर असतो, ज्यातून तिला माल पुरविला जातो, तेवढाच समूहात शिरताना निघून गेला, तरी पुरे. आतला माल आहे तोवर तारे घडत राहतील, आणि काही अब्ज वर्षांत कारखाना आपोआप बंद पडेल. यातल्या टिन्स्लेबाई न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या. दीर्घिका वयाबरोबर बदलतात हे जगाला पटवून देण्यात त्यांचा वाटा फार मोठा. १९८१ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्या कर्करोगाने गेल्या.

एक मरण टाळेबंदीचे, दुसरे रसद तोडण्याचे. मेलेली दीर्घिका समोर पडली आहे. ती कोणत्या मरणाने मेली हे कसे ओळखावे? २०१५ साली यिंगजिए पेंग, रोबेर्तो मायोलिनो आणि रेचल कॉक्रेन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याची जी कसोटी प्रसिद्ध केली, ती वाचून आम्ही कचेरीत एकटेच टाळी वाजविली. तारे आपल्या पोटात हायड्रोजन-हेलियमहून जड द्रव्ये शिजवितात आणि मरताना ती वायूत मिसळतात. बाहेरून ताजा वायू येत असतो तोवर हे मिश्रण पातळ राहते. आता चुलीवरची आमटी डोळ्यांपुढे आणा. वरून पाणी घालीत राहिले तर तिची चव बेताची राहते. पातेले एकदम उपडे केले, तर तळाशी चिकटलेल्या आमटीची चव होती तीच. पण पाणी घालणे थांबविले आणि जाळ तसाच ठेवला, तर आमटी आटत जाते आणि खारट होते. या तिघांनी सुमारे २६,००० दीर्घिकांतल्या ताऱ्यांची ‘चव’ पाहिली. बंद पडलेल्या दीर्घिका तेवढ्याच वजनाच्या चालत्या दीर्घिकांपेक्षा खारट निघाल्या, म्हणजे जड द्रव्ये त्यांच्यात अधिक. बहुतेकींचे मरण रसद तुटल्याने, आटत आटत, सुमारे चार अब्ज वर्षांत झालेले आहे, असा त्यांचा निष्कर्ष. समूहांच्या गाभ्याकडे झेपावणाऱ्या दीर्घिकांना वारा झोडपतो हे तर डोळ्यांना दिसतेच आहे. म्हणजे दोन्ही कारणे खरी. कोणाच्या वाट्याला कोणते, हे एकेकीचा पुरावा पाहून ठरवायचे.

या तपासणीत आपल्या भागाचाही वाटा आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली प्रचंड रेडिओदुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. द्राक्षांच्या मळ्यांमधून जाताना त्या दिसतात. विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. आम्हीही युनियनची पंचवीस माणसे घेऊन गेलो होतो. तेथे जे ऐकले ते समूहांविषयी नव्हते, सर्वसाधारण दीर्घिकांविषयी होते. पण प्रश्न तोच, मालाचा. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे आजच्यापेक्षा फार वेगाने घडत होते. मग ती तेजी ओसरली का? इतक्या दूरच्या एका दीर्घिकेच्या हायड्रोजनचा आवाज कोणत्याही दुर्बिणीला ऐकू येण्यासारखा नव्हता. तेव्हा आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीवर ७,६५३ दीर्घिकांचे आवाज एकत्र मिळविले. एकट्याचा आवाज ऐकू येत नाही म्हणून सर्वांचे एकत्र करावेत, हे आम्हां युनियनवाल्यांना नवे नाही. पण ते विज्ञानातही चालते हे पाहून आमची माणसे खूश झाली! २०२० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकांतला वायू इतक्या वेगाने खर्च होत होता, की नवा न मिळता तर तो एक ते दोन अब्ज वर्षांत संपला असता. नव्या मालाची आवक पुरी पडली नाही, म्हणूनच तेजी ओसरली.

आता एका मोहाविषयी बोलतो. आमच्यासारख्या माणसाला ही हकीकत ऐकली की लगेच जुलमी कोण आणि पिळला जाणारा कोण, असे वाटप करावेसे वाटते. समूह म्हणजे भांडवलदार, सर्पिल दीर्घिका म्हणजे कामगार, असे रूपक आम्ही एकदा एका सभेत बांधलेही होते. ते चुकीचे होते, हे येथे कबूल करतो. आकाशात मालक नाही. वारा कोणी सोडलेला नाही, तो धावणाऱ्याच्या धावण्यातूनच उठतो. शिवाय आपली आकाशगंगासुद्धा साधी नाही. तिच्याभोवती अनेक बुटक्या दीर्घिका फिरतात. जवळच्यांत, दहा लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या बहुतेकींत, हायड्रोजन उरलेलाच नाही. दूरच्यांत तो आहे. मॅगेलनचे दोन मेघ तेवढे मोठे म्हणून अजून टिकून आहेत. म्हणजे समूहात मोठ्या दीर्घिकांचे जे होते, तेच आपल्या आकाशगंगेच्या दाराशी धाकट्यांचे झाले आहे. यावरून नीतिपाठ काढण्याची आमची इच्छा नाही. रूपक किती जपून वापरावे एवढेच आम्ही त्यावरून शिकलो.

पण एक गोष्ट आम्ही रूपक म्हणून सांगत नाही, कामाची पद्धत म्हणून सांगतो. आज आमच्याकडे एखाद्या कारखान्याची माणसे येतात आणि म्हणतात, “साहेब, सगळं ठीक चाललंय, ओव्हरटाइमसुद्धा मिळतोय.” आम्ही त्यांना विचारतो, की कच्चा माल किती येतो? आणि ते रोज वहीत लिहून ठेवा म्हणून सांगतो, तारखेसह. चौकशीची वेळ येवो न येवो, वही असू द्यावी. १९५१ पासून आजवर, एका पिढीचे आकडे दुसऱ्या पिढीला देत, या ज्योतिर्विदांनी केले ते हेच. कोणी आपल्या आवडत्या कारणावर अडून बसला नाही असे नव्हे, अडून बसणारे तेथेही असतात. पण आमटीची चव पाहिल्यावर त्यांना सरकावे लागले.

खोडदहून परत आलो त्या रात्री वडिलांना ही सर्व हकीकत सांगितली. ते तेव्हा थकले होते, अंथरुणावरच असत. सात हजारांवर दीर्घिकांची मोजणी कशी झाली ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, “आणि मोजलेलं त्यांनी लिहून ठेवलं?”

आम्ही म्हणालो, “होय. छापलंय. जगात कुणीही वाचावं.”

“मग बरं केलं,” ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

आकाश निरभ्र असेल तर घरी जाताना एकवार डोक्यावर पाहावे.